उत्तर बरोबर, रीत चूक

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. आमच्या घरची दिवाळी वसुबारसेला सुरू होत नाही. माझी बायको ज्या दिवशी पदर खोचून माळ्यावर चढते, त्या दिवशी ती सुरू होते. एरवी त्या दिवशी काही तरी निमित्त काढून मी शाळेत जाऊन बसतो. पण गेल्या वर्षी सुटी लवकर लागली आणि मी घरातच सापडलो. माळ्यावरून एकेक वस्तू खाली येऊ लागली. तुटका पाट आला, फुटका कंदील आला, माझ्या पहिल्या कादंबरीच्या न खपलेल्या प्रतींचे दोन गठ्ठे आले. (हे गठ्ठे दर वर्षी खाली येतात, धूळ झटकून घेतात आणि पुन्हा वर जाऊन बसतात.) सगळ्यांत शेवटी, गोणपाटात गुंडाळलेला, हातभर उंचीचा एक लोखंडी सिलिंडर आला.

"ह्यो अण्णांचो," वरून आवाज आला. "आज भंगारवालो येतलो. देवन टाकूया?"

मी "हो" म्हटलं. घरातल्या अवजड वस्तूंच्या बाबतीत मी चटकन "हो" म्हणतो.

अण्णा म्हणजे माझे वडील. ते मालवणच्या बाजारात फ्रिज दुरुस्त करीत. तरुणपणी मुंबईला एका वर्कशॉपात पडेल ते काम करून त्यांनी ही विद्या मिळवली होती आणि ती घेऊन ते गावी परतले होते. मी शाळेत असताना त्यांची हत्यारांची पिशवी सांभाळत त्यांच्याबरोबर हॉटेलांतून, दवाखान्यांतून, क्वचित एखाद्या बड्या घरातून हिंडत असे. त्या साऱ्या खटाटोपात मला एकच क्षण आवडायचा. कॉम्प्रेसरजवळची बारीक तांब्याची नळी अण्णा कापायचे आणि आत उरलेला गॅस ‘सूं’ करीत बाहेर पडायचा. मी पुढं होऊन त्याच्यासमोर तळहात धरायचा. मे महिन्यात, अंगाला घामाच्या धारा लागलेल्या असताना, हातावर हिवाळा उतरायचा. एकदा मी विचारलं, "अण्णा, हा गॅस जातो कुठं?" नळीवरची नजर न काढता ते म्हणाले, "खंय जातलो? वाऱ्यार गेलो."

या उत्तरानं तेव्हा माझं पुरतं समाधान झालं होतं.

भंगारवाला यायच्या आत दुसरीच पाहुणी आली. माझी जुनी विद्यार्थिनी. पाचवीपासून दहावीपर्यंत ती माझ्याकडं चित्रकला शिकली, आणि ड्रॉइंग मास्तरांच्या सगळ्या हुशार विद्यार्थ्यांचं पुढं जे होतं तेच तिचं झालं. ती शास्त्राकडं गेली. आता ती गोव्यात, दोना पावल्याच्या समुद्रविज्ञान संस्थेत असते. तिथं काय करतेस असं विचारलं की म्हणते, "सर, मी समुद्र चालवते. संगणकावर." दर दिवाळीला घरी आली की ती लाडवांचा डबा घेऊन आमच्याकडं येते आणि माझ्या पाया पडते. मला ते आवडतं, पण आवडत नाही असं दाखवण्याची पद्धत आहे.

ओटीवर टेकताना तिची नजर सिलिंडरवर गेली. तिनं अंगठ्यानं त्याच्या खांद्यावरची धूळ पुसली. खाली ‘आर-१२’ अशी कोरलेली खूण निघाली. तिनं सिलिंडर थोडा उचलून हलवला. आत काही तरी डचमळलं.

"सर, हा भरलेला आहे. हा भंगारात द्यायचा नाही. ते लोक वरची तोटी हातोड्यानं उडवतात."

"ओझोनला भोक पडतं, म्हणून ना?" मी म्हटलं. या विषयावर मी एके काळी जाहीर भाषण केलेलं आहे.

"ते तर आहेच. पण या गॅसचे आमच्यावर उपकारही आहेत. समुद्राच्या पोटात पाणी कुठून कुठं जातं, हे आम्हांला पुष्कळसं यानंच शिकवलं."

मी मॅट्रिक झालेला माणूस. हल्ली त्याला दहावी म्हणतात. पण अण्णा शेवटपर्यंत मॅट्रिकच म्हणत आणि त्यांच्या तोंडी त्या शब्दाला पदवीचं वजन असे. त्यानंतर मी चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि विज्ञानाशी माझा संबंध संपला. तेव्हा शास्त्रातलं कोणी काही सांगू लागलं की मी आधीच चेहऱ्यावर समजल्याचा भाव आणून ठेवतो. पण तिनं सुरुवातच माझ्या धंद्यातल्या वस्तूनं केली.

"ब्रश धुवायच्या ग्लासात तुम्ही आम्हांला बघत बसायला लावायचात, आठवतं?"

आठवत होतं. स्वच्छ पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला की तो अगदी निश्चल दिसतो. मग निळ्या रंगात बुडवलेल्या ब्रशाचं टोक त्याला नुसतं टेकवायचं. निळ्या रंगाचा एक धागा खाली उतरतो, मध्येच वळतो, त्याची जट होते, दुसरा धागा काठाकाठानं फिरतो. पाणी आधीपासून हलतच होतं. आपल्याला ते रंगानं दाखवलं. रेघ जिवंत कशी असते हे मुलांना सांगण्यासाठी मी हा खेळ करीत असे. रानात सावजाचा माग काढतात, तसा हा पाण्याचा माग. शास्त्रज्ञ असा माग दाखवणाऱ्या द्रव्याला ‘ट्रेसर’ म्हणतात.

पण समुद्रात ब्रश कोण बुडवणार? त्याचं उत्तर मोठं विलक्षण आहे. माणसानं तो बुडवला, आणि आपण बुडवतो आहोत याची त्याला खबरही नव्हती. एकदा बुडवला तो अणुबाँबच्या चाचण्यांच्या काळात. १९६३ मध्ये बड्या राष्ट्रांनी हवेतल्या चाचण्या थांबवण्याचा करार केला, तोवर उत्तर गोलार्धाच्या हवेतला किरणोत्सर्गी कार्बन जवळजवळ दुप्पट झाला होता. ट्रिटियम नावाचा जड हायड्रोजनही पावसाबरोबर समुद्रावर पडला होता. १९७२ साली जिओसेक्स नावाच्या मोहिमेची जहाजं निघाली, तेव्हा अटलांटिकच्या उत्तर भागात हा ट्रिटियम थेट तळापर्यंत पोचलेला आढळला. माथ्यावरचं पाणी दहा-बारा वर्षांत काही किलोमीटर खोल उतरलं होतं.

आणि दुसऱ्यांदा ब्रश बुडवला तो फ्रिजनं. थॉमस मिजली या अमेरिकन माणसानं १९२८ मध्ये हा गॅस फ्रिजसाठी पुढं आणला. त्याआधी फ्रिजमध्ये विषारी वायू असत आणि गळती झाली की माणसं मरत. हा नवा गॅस जळत नाही, विषारी नाही, कशाशी भांडत नाही. क्लोरोफ्लुरोकार्बन हे त्याच्या घराण्याचं नाव. कशाशीच भांडत नसल्यामुळं तो नाहीसाही होत नाही. जो बाहेर पडला तो हवेत साचत गेला. १९७१-७२ मध्ये जेम्स लव्हलॉक हे इंग्रज शास्त्रज्ञ स्वतः बनवलेलं एक उपकरण घेऊन ब्रिटनहून अंटार्क्टिकाकडं जाणाऱ्या जहाजानं निघाले, तर त्यांना जिथं तिथं, भर समुद्रावरच्या हवेतसुद्धा, याच घराण्यातला गॅस मिळाला. म्हणजे मालवणात अण्णांच्या नळीतून ‘सूं’ करून गेलेला गॅस वर्षा-दोन वर्षांत साऱ्या पृथ्वीच्या हवेत मिसळत होता. वाऱ्यार गेलो, ते अगदी खरं होतं.

"आणि थंड पाणी तो जास्त पितं," ती म्हणाली. "कॅनडाजवळच्या लॅब्राडोर समुद्रात, ग्रीनलंडच्या आसपास, अंटार्क्टिकाच्या काठाला पाणी गार होऊन जड होतं आणि बुडतं. बुडताना त्या वर्षीच्या हवेतला गॅस बरोबर घेऊन जातं. कुठल्या वर्षी हवेत किती गॅस होता ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे काय झालं, सर? पाण्यावर तारखेचा शिक्का बसला. पोस्टाच्या पाकिटासारखा."

हा शिक्का इतका फिका असतो की ऐकून हसूच यावं. एक ग्रॅम गॅस जमवायचा तर समुद्राचं दहा लाख टनांहून अधिक पाणी गाळावं लागेल. तरी तो वाचता येतो. जहाजावरून बाटल्यांचं एक चक्र पाण्यात सोडतात. ठरलेल्या खोलीवर एकेक बाटली आपोआप मिटते. वर आल्यावर कोणत्या शास्त्रज्ञानं आधी पाणी घ्यायचं याचा पंगतीसारखा क्रम असतो, आणि पहिला मान या गॅसवाल्यांचा. कारण बाटली उघडी राहिली की जहाजावरची हवा आत शिरून शिक्का बिघडवते. त्यांचा सगळ्यांत मोठा शत्रू कोण, तर जहाजाचाच फ्रिज! स्वयंपाकघरातला फ्रिज किंवा केबिनीतलं वातानुकूलन यंत्र गळू लागलं की सगळी मेहनत वाया. अशा वेळी जहाजावर एखादे अण्णा किती उपयोगी पडले असते, असं माझ्या मनात येऊन गेलं.

१९८५ मध्ये रे वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलं की अटलांटिकच्या विषुववृत्तावर, दीड किलोमीटरहून खोल पाण्यात हा गॅस सापडला आहे. वर उष्ण कटिबंधाचं ऊन, आणि खाली काही दशकांपूर्वी उत्तरेत बुडालेलं, अमेरिकेच्या कडेकडेनं चालत आलेलं गार पाणी. खिशात त्याचं तिकीट होतं म्हणून ते पकडलं गेलं.

आपल्याकडच्या माणसांनीही हा माग काढला आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या देवेंद्र लाल यांनी दोघा सहकाऱ्यांबरोबर १९६० मध्ये समुद्रातल्या स्पंजांत विश्वकिरणांनी घडवलेला सिलिकॉन दाखवून दिला. आकाशातून पडणारा तो निसर्गाचा शिक्का. नैसर्गिक कार्बनचा तर त्याहून जुना. पॅसिफिकच्या उत्तरेकडचं खोल पाणी त्यावरून हजार वर्षांहून जुनं ठरतं. ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्याच्याही आधी त्या पाण्यानं शेवटचं आकाश पाहिलं.

इथवर मला मजा वाटत होती. पण हिचं काम संगणकावर समुद्र चालवण्याचं. तिचा आणि या शिक्क्यांचा काय संबंध ते मला कळेना. मी तसं विचारलं. ती म्हणाली, "सर, मॉडेल म्हणजे समुद्राचे चौकोन पाडायचे, खोलवरपर्यंत. प्रत्येक चौकोनात किती ऊब, किती मीठ, पाणी कुणीकडं चाललंय, हे गणितानं काढत जायचं. त्यालाच हवेचं गणित जोडायचं. सुकुरो मनाबे आणि कर्क ब्रायन यांनी १९६९ मध्ये असा पहिला जोड लावला. मनाबेंना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. पुढं पन्नास-शंभर वर्षांनी हवामान कसं असेल ते आम्ही असल्या मॉडेलांना विचारतो. पण ते सांगतंय ते खरं कशावरून? आधी लोक आतलं तापमान आणि खारटपणा ताडून पाहत. ते जुळलं की खूष. आता, जुन्या मॉडेलांत वरच्या पाण्याचे आकडे पुष्कळदा प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्यांकडं ओढून धरलेले असत. मग आतलं थोडंफार जुळणारच."

आणि एकदम मला माझे गणिताचे मास्तर आठवले.

मॅट्रिकच्या वर्षी मी बीजगणितात कच्चा होतो. पुस्तकाच्या शेवटी उत्तरं असत. मी आधी उत्तर बघायचा आणि मग मधल्या पायऱ्या अशा रचायचा की शेवटी तेच उत्तर यावं. सहामाहीच्या परीक्षेत मास्तरांनी पुस्तकातलीच उदाहरणं घातली. मला ती उत्तरं पाठ होती. पेपर परत मिळाला तेव्हा तीन उदाहरणांखाली तांबड्या शाईनं लिहिलं होतं : उत्तर बरोबर, रीत चूक. गुण शून्य. मी रडकुंडीला येऊन भांडायला गेलो. ते म्हणाले, "उत्तर मागच्या पानावर आहेच रे. ते मला ठाऊक आहे. तू तिथपर्यंत कसा आलास ते मला बघायचंय."

मी ही हकीगत सांगितली तेव्हा ती टाळी देण्यासाठी हात पुढं करणार होती. मास्तरांना टाळी कशी द्यायची म्हणून तिनं तो आवरला. "अगदी हेच! गॅस म्हणजे मधल्या पायऱ्या. गॅस स्वतः पाण्याला ढकलत नाही. पाणी नेईल तिकडं निमूट जातो. मग आम्ही काय करतो, मॉडेलातल्या हवेत १९३० पासून वर्षावर्षाला जेवढा गॅस होता तेवढा घालतो आणि मॉडेलातलं पाणी तो कुठं नेतं ते बघतो. खऱ्या समुद्रातल्या बाटल्या दुसरीकडं असतातच."

आणि पुष्कळ मॉडेलं या परीक्षेत नापास झाली. १९९५ च्या सुमाराला ऑस्ट्रेलियातल्या मॅथ्यू इंग्लंड यांनी ही परीक्षा घेतली. तापमान, खारटपणा बरे दिसत होते. पण अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात मॉडेलातला गॅस खऱ्यापेक्षा फार जास्त आणि फार खोल चालला होता. चूक कशात होती ते तिनं मला आमच्याच घराचं छप्पर दाखवून समजावलं. समुद्रातल्या पाण्याचे थर सगळीकडं सपाट नसतात. दक्षिणेत ते आमच्या कौलांसारखे तिरपे होत वर येतात. पाणी या उतारावरून सहज सरकतं. थर फोडून आरपार जायला मात्र त्याला फार कष्ट पडतात. जुन्या मॉडेलांत पाणी सरळ आडवं मिसळत असे. तिरप्या छपरात आडवी काठी खुपसली तर काय होईल? ती कौलं फोडूनच जाणार. तशी मॉडेलात थरांची मिसळ होई आणि माथ्यावरचं पाणी नको तिथं, नको इतकं खाली कोसळे. खऱ्या समुद्रात ही मिसळ काही दहा किलोमीटर रुंदीचे भोवरे करतात, आणि जुन्या मॉडेलाचा एकेक चौकोन शेकडो किलोमीटरचा. भोवरा त्यात मावणार कसा? पीटर जेंट आणि जेम्स मॅकविल्यम्स यांनी १९९० मध्ये त्या न दिसणाऱ्या भोवऱ्यांचं काम गणितात मांडायची रीत काढली होती. ती वापरल्यावर गॅस पुष्कळसा जागेवर आला. सगळं तेवढ्यानं सुधारलं असं नव्हे. २००२ मध्ये तेरा मॉडेलांचा गॅस एकत्र ताडून पाहिला, तेव्हाही त्यांचा सर्वांत मोठा बेबनाव त्या दक्षिण महासागरातच निघाला.

"एवढी काटेकोर हजेरी कशासाठी?" मी विचारलं.

"कारण आपण वाढवलेल्या उष्णतेतला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग समुद्र घेतो. आणि आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे पाव हिस्सा. मॉडेल जर उगाचच पाणी खोल नेत असेल, तर ते उष्णताही तिथं नेऊन पुरतं आणि आपल्याला सांगतं, सावकाश, अजून वेळ आहे."

मी ओटीवरून समोर पाहिलं. माडांमधून समुद्राची पट्टी दिसत होती आणि तिच्यावर सिंधुदुर्ग. हे पाणी मी जन्मापासून बघतो, मुलांकडून हजार वेळा रंगवून घेतलं आहे. तिला विचारलं, "आपल्या या समुद्रात किती खोल गेलाय हा गॅस?" ती म्हणाली की अरबी समुद्राला उत्तरेकडून जमिनीनं बंद केलं आहे, तिथं पाणी गार होऊन तळाला जात नाही. त्याचं तळाचं पाणी पार दक्षिणेकडून, अंटार्क्टिकाच्या बाजूनं, फार सावकाश येतं. वरच्या थरांत गॅस आहे. खोल थर जवळजवळ कोरे आहेत. तिथलं पाणी फ्रिजच्या आधीचं आहे.

जाता जाता ती एक गोष्ट बोलली. १९८७ च्या माँट्रियल करारानं हा गॅस बंद होत गेला, आपल्याकडंही २०१० पर्यंत बंद झाला, आणि हवेतलं त्याचं प्रमाण आता उतरतं आहे. उत्तम झालं, पण त्यामुळं शिक्का घोटाळ्याचा झाला. तोच आकडा चढतीचाही असू शकतो, उतरतीचाही. म्हणून आता विजेच्या मोठ्या यंत्रांत वापरतात तो सल्फर हेक्साफ्लोराइड जोडीला मोजतात. "हा सिलिंडर नष्ट करायची सोय कुठं आहे ते मी विचारून कळवते," असं सांगून ती गेली.

भंगारवाला आला. त्याला मी कादंबरीचे गठ्ठे देऊ केले. रद्दीचा भाव फार उतरलाय, असं म्हणून त्यानं फक्त फुटका कंदील नेला.

मग मी रॉकेलचा बोळा घेऊन सिलिंडर पुसायला बसलो. मला तो भरलेला का आहे ते कळत नव्हतं. अण्णांकडं विकत आणलेले सिलिंडर असत, पण ते रिकामे झाले की ते परत देत. गंजाचा थर गेला आणि खालून पिवळी अक्षरं निघाली. ‘वापरलेला गॅस. सोडू नये. जानेवारी २००४.’ अक्षर अण्णांचं. पण त्या अक्षराआधी मी ओळखला तो रंग. माझ्या शाळेच्या कपाटातली ऑइल पेंटची पिवळी डबी त्या साली नाहीशी झाली होती आणि मी सातवीच्या अख्ख्या वर्गाला त्यासाठी उभं केलं होतं.

आता मला ते भाषण सांगितलंच पाहिजे. १६ सप्टेंबर २००५. ओझोन दिन म्हणून शाळेत कार्यक्रम होता, आणि मी नवा होतो, तरुण होतो, चार पुस्तकं वाचून पेटलेला होतो. पालक आले होते. शेवटच्या बाकावर अण्णा बसले होते. मी त्यांच्याकडं न पाहता, पण त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "आपल्याच गावात काही माणसं चार पैशांसाठी आकाशाला भोकं पाडत आहेत." टाळ्या पडल्या. अण्णांनीही वाजवल्या. घरी आल्यावर ते त्याबद्दल काही बोलले नाहीत, मीही बोललो नाही. पुढच्या पाडव्याला त्यांनी दुकान बंद केलं. २०११ मध्ये ते गेले.

माझ्या तिसऱ्या कादंबरीत हे सगळं आहे. त्यातला मेकॅनिक बाप मुलाच्या भाषणानं घायाळ होतो आणि कुलूप लावून किल्ली समुद्रात फेकतो. त्या प्रकरणावर मला सर्वांत जास्त पत्रं आली. वाचकांना रडू आलं, मलाही लिहिताना आलं होतं. बाप असाच वागला, दुकान असंच बंद झालं, अशी माझी इतकी खात्री होती की मी कुणाला काही विचारलंच नाही.

पिवळी अक्षरं वाचून मी अण्णांची वही शोधली. गिऱ्हाइकांच्या हिशेबाची लांबट वही. जानेवारी २००४ पासून तिच्यात एक नवा रकाना आहे. ‘बसस्टँडवरचं हॉटेल. गळती काढली. जुना गॅस काढून घेतला, १०० ग्रॅम.’ ‘डॉक्टरांचा फ्रिज. काढून घेतला, ८० ग्रॅम.’ भाषणाच्या आदल्या आठवड्यातही आहे आणि नंतरच्या आठवड्यातही आहे. मी बेरीज केली. पावणेचार किलो झाली. तिच्या हिशेबानं, पावणेचारशे कोटी टन पाण्यावर उमटला असता असा शिक्का त्यांनी गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवला होता. वहीच्या शेवटच्या पानांवर मात्र दुसरंच काही आहे. ‘नवीन गॅसचा फ्रिज. आपल्याकडं यंत्र नाही. परत पाठवला.’ ‘नवीन गॅस. परत.’ ‘परत.’ असे आठ-नऊ ‘परत’ झाल्यावर पाडवा येतो आणि वही संपते.

मी वही घेऊन आईकडं गेलो. ती फराळाची चकली पाडत होती. म्हटलं, "अण्णा गॅस काढून घ्यायला कुठं शिकले?"

"ते कुडाळाक शिबिराक गेल्ले ना दोन दिस. सरकाराचा शिबिर होता. येतना एक पंपय घेवन इल्ले."

"मला कसं नाही सांगितलं?"

तिनं सोऱ्या तसाच धरला. "तुका खंय सवड होती आयकूक?"

त्या कादंबरीची दुसरी आवृत्ती काढायची असं प्रकाशक चार वर्षं म्हणताहेत. मी ते प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं आहे. शेवट बदलावा लागत नाही. दुकान बंद होतं ते होतंच. पण त्याच्या अलीकडचं एकही पान जसंच्या तसं ठेवता येत नाही. शेवटच्या बाकावर बसून टाळ्या वाजवणाऱ्या माणसाला सगळं आधीच ठाऊक आहे, असं धरून लिहायला लागलं की मुलाचं भाषण फार लांबलेलं वाटतं. ते मी कापत चाललो आहे.

गॅस नष्ट करण्याची सोय लांब आहे. सिलिंडर तिथवर न्यायचा कसा याची पत्रापत्री चालू आहे. तोवर तो पडवीत, उन्हाआड उभा आहे. परवा, गणपतीआधीच्या झाडलोटीत, भंगारवाला पुन्हा आला. पडवीत डोकावून त्यानं विचारलं, "ह्यो दितास काय ओ? रिकामोच आसतलो."

मी काही बोलायच्या आत माझी बायको चुलीकडून म्हणाली, "रिकामो खंयचो? भरलेलो आसा तो."